शेजारच्या हनीबेरीसाठी बादलीभर फुलं

मिनेसोटातलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा ऑगस्ट चालू होता. मागच्या अंगणात, शेजारच्या कुंपणाला लागून, कमरेएवढं एक झुडूप होतं. पानं करपून तपकिरी झालेली, खोडाची साल कागदासारखी सुटलेली. नवऱ्यानं एक फांदी वाकवून पाहिली आणि म्हणाला, "हे गेलंय." मीही मान डोलावली. त्याच शनिवारी आम्ही ते मुळासकट उपटलं आणि त्या जागी मी मेथी पेरली. खरं तर मी नाशिकची. छाटणीनंतर उघडीबोडकी दिसणारी द्राक्षवेल मेलेली नसते, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण इथं ते मला आठवलंच नाही.

कुंपणापलीकडे एक बाई एकट्या राहायच्या. ब्याऐंशी वर्षांच्या, पण पाठ ताठ. मला नावानंच हाक मार, असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण माझी जीभ वळेना. मनात मी त्यांना आजीच म्हणायचे. पुढच्या मे महिन्यात त्यांच्या अंगणातल्या झुडपाला फिकट पिवळी फुलं लागली. मी चौकशी केली, तेव्हा त्यांनी सांगितलं की ही हनीबेरी. इथल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही तगते, फुलांवर बर्फ पडलं तरी फुलं टिकतात, आणि जूनमध्ये, बाकी कुठलंही फळ यायच्या आधी, हिची लांबट निळी फळं तयार होतात.

जून आला. झुडपावर एकही फळ नव्हतं. मी सहज म्हटलं, यंदा काय झालं? आजी म्हणाल्या, "एकटीला फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचं झुडूप लागतं. ते तुमच्या बाजूला होतं."

हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या यजमानांनी आणि आमच्या घराच्या जुन्या मालकांनी ती दोन्ही झुडपं एकाच दिवशी लावली होती. ऑगस्टमध्ये त्यांची पानं दर वर्षीच करपतात, त्यात काळजीचं काही नसतं. आम्ही झुडूप उपटत होतो तेव्हा आजी खिडकीत उभ्या होत्या.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"नवीन माणसांना पहिल्याच आठवड्यात काय शिकवायचं?" त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी नर्सरीतून वेगळ्या जातीचं रोप आणून लावलं. नर्सरीवाल्यानं सांगितलं, फुलायला दोन-तीन वर्षं लागतील. मी आजींना तसं सांगितलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि आत गेल्या. ते "बरं" मला फार लागलं.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत उभं असताना मी ही गोष्ट कुणाला तरी सांगत होते. पुढे उभे असलेले एक काका वळले. आमच्यापासून चाळीस मिनिटांवर राहणारे, रिटायर झालेले. त्यांच्याकडे हनीबेरीची पाच झुडपं होती. म्हणाले, "अगं, झाड मोठं व्हायची वाट कशाला बघतेस? फुलं ने. फांद्या बादलीत ठेव, बादली त्यांच्या झाडाशी ठेव. बाकीचं भुंगे बघतील."

मे महिन्यात त्यांचा फोन आला आणि मी नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन निघाले. काकांनी कात्रीनं फुलांनी लगडलेल्या फांद्या कापून दिल्या. परतताना बादली लेकीच्या दोन पायांमध्ये होती. हायवेवर ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, देअर इज अ बी इन हिअर." मी काच खाली केली. भुंगा काही गेला नाही, आमच्याबरोबरच घरी आला.

आजींनी स्वतः जागा दाखवली आणि आम्ही बादली त्यांच्या झुडपाला टेकवून ठेवली. पुढचे दोन दिवस गार वारा आणि रिपरिप पाऊस. एकही भुंगा फिरकला नाही. आजी रोज सकाळी बादलीतलं पाणी बदलत होत्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. घरूनच चालू असलेल्या ऑफिसच्या मीटिंगमधून उठून मी खिडकीत गेले, तर आजी झुडपाजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि गुबगुबीत भुंगे बादलीतून झुडपावर, झुडपावरून बादलीत जात होते.

जूनमध्ये फळं निळी झाली तशी लेक वाटी घेऊन धावली. आजींनी तिला अडवलं. एक फळ मधोमध कापून दाखवलं, आतून ते हिरवंच होतं. आणखी दोन आठवडे थांबावं लागलं. मग आम्ही झुडपाखाली जुनी चादर पसरली, फांद्या हलवल्या आणि टपटप फळं पडली. फार नाहीत, दीड वाडगा.

पहिलं फळ आजींनी तोंडात टाकलं. मग म्हणाल्या, "थोडं आंबट आहे. आमच्या ह्यांना असंच आवडायचं." उरलेली फळं त्यांनी आमच्याशी अर्धी-अर्धी वाटून घेतली. मी वेलची घालून मुरंबा केला आणि त्यांना बरणीभर दिला. तो त्यांनी टोस्टवर लावून चार दिवसांत संपवला.

यंदा आमच्या झुडपालाही पहिल्यांदा फुलं आली. आजी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. फळं तोडायला रस्त्यानं वळसा घालून यायचा त्यांना कंटाळा येतो. म्हणून गेल्या रविवारी त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि कुंपणाच्या तीन फळ्या काढायला लावल्या.