अर्धा गाडलेला ताग

त्या वर्षी आमच्या घरात मी एकटाच उरलो होतो. निजामाच्या राज्यात कधी कुणाच्या दारावर थाप पडेल याचा नेम नव्हता, म्हणून आबा आईला आणि बहिणींना घेऊन सरहद्दीपलीकडे, बार्शीकडच्या आत्याच्या गावी गेले. बैलगाडी आणि बैलही गेले. मी हटून मागे राहिलो. जमीन सोडून पळायचं नाही, हे मी निजामाविरुद्धच्या चळवळीच्या, चोरून आलेल्या पत्रकांत वाचलं होतं आणि माझा त्यावर विश्वास होता. आजही आहे.

पण जमीन म्हणजे तेरणेकाठची रेताड पट्टी. पाऊस पडला की पाणी खाली गडप, दुसऱ्या दिवशी रान पुन्हा कोरडं. जाताना आबा म्हणाले होते, "ह्या वाळूत वल टिकली तर सगळी माघारी येऊ. न्हायतर कशाला यायचं?"

मी मृगात ताग पेरला. फुलावर आला की कोवळा असतानाच तो जमिनीत गाडायचा. कुजला की वाळू ओल धरते. ताग डोक्याइतका उंच वाढला, पिवळा फुलला. त्यात शिरलं की गाव दिसत नसे. तसंही गावात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी माणसाचा आवाज कानी पडावा म्हणून मी एखादं पत्रक मोठ्यानं वाचायचो.

फुलं आली तसा पाटलाचा कारभारी बांधावर आला.

"नांगर धाडू का? मजुरी न्हाय लागायची. वेठीची माणसं हायत."

"वेठीच्या माणसाच्या घामावर माझं रान पिकायला नको."

तो हसला. "मग तुझी पत्रकं जुंप औताला!"

मी विळ्यानं कापत, कुदळीनं चर खणत ताग गाडू लागलो. अर्ध्या रानापर्यंत पोचलो तोवर उरलेल्याला शेंगा धरल्या, दांडे लाकडासारखे झाले. ते आता लवकर कुजणार नव्हते.

भादवा सरताना आबा एकटेच आले. गाडलेल्या भागातली माती त्यांनी मुठीत दाबली. मूठ उघडली तरी गोळा फुटला नाही. मग ते पलीकडच्या वाळक्या तागाकडे बघत राहिले.

"बैल न्हाय मिळालं कुठं?"

"पाटलाचं मिळत होतं, आबा, वेठीच्या माणसांसकट. म्या घेतलं न्हाय."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "पर एवढ्यात एका माणसाचंच भागंल."

जाताना त्यांनी जोंधळ्याचं बी ठेवलं, अर्ध्या रानापुरतं.