आईने भरून ठेवलेलं पाणी

आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही की घरात कुणाच्या अंगात आलं नाही. आम्ही बौद्ध. आईच म्हणायची, "मेलं माणूस की संपलं, काय करायचं ते जिवंतपणी करा." त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

आई दिवा स्टेशनजवळ चाळीत एकटी राहायची. मी आणि बायको घोडबंदर रोडला. "चल आमच्याकडे" म्हणून माझा घसा सुकला, पण नाही आली. न्यूमोनिया झाला तेव्हा तिला ठाण्याच्या हॉस्पिटलात हलवलं. पाच दिवस आयसीयू, शेवटचे तीन व्हेंटिलेटरवर. मी बाहेर खुर्चीवर. घराला कुलूप मीच लावलेलं. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. निघताना मोरीतला ड्रम कोरडा होता. नक्की आठवतं, कारण तापलेलं अंग पुसायलाही पाणी नव्हतं म्हणून मी वैतागून बादली आपटलेली.

पाचव्या दिवशी दुपारी पावणेएकला ती गेली. सह्या, कागद, अॅम्ब्युलन्स... आणि शीळफाट्याला ट्रॅफिक. तेवढ्यात दिव्याला आधीच पोचलेल्या भाऊजींचा, बहिणीच्या नवऱ्याचा, फोन. "अरे, चाळीत दोन दिवस पाणीच नाही. आंघोळ कशी घालायची?"

एक टँकरवाला फोन उचलेना, दुसरा म्हणे उद्या. मी आईच्या शेजारी बसून त्याच्याशी भांडत होतो. उभा जन्म नळाच्या रांगेत काढला या बाईने, आणि मेल्यावरसुद्धा दोन बादल्या मिळू नयेत?

साडेचारला पोचलो. कुलूप काढलं, मोरीत गेलो — ड्रम काठोकाठ भरलेला. दोन्ही कळश्या भरलेल्या, वर पांढरं फडकं, फडक्यावर ताटली. आई झाकायची तसंच.

"हे कुणी भरलं?" मी ओरडलोच.

शेजारच्या मंगलकाकू दारात होत्या. चौकट धरून, पांढऱ्याफटक पडलेल्या.

"अरे... तुझ्या आईनेच, शोभाने. सकाळी दहाला. कळशी घेऊन नळावरून येत होती. मी म्हटलं, हॉस्पिटलातून सोडलं काय गं तुला? तर म्हणाली, 'थांब, पाणी भरू दे आधी. संध्याकाळी माणसं यायचीत.' मी पळत हंडा घेऊन गेले, तर नळाला नुसती हवा."

"काकू, काहीही काय बोलता! दहाला ती व्हेंटिलेटरवर होती!"

"मग मी कुणाशी बोलले रे?" म्हणून त्या रडायला लागल्या.

भांडायला वेळ नव्हता. त्याच पाण्याने आईला आंघोळ घातली. त्रिसरण, पंचशील झालं. आलेल्या माणसांना प्यायला पाणी दिलं, तेही त्यातलंच. पुरलं.

नंतर सगळे तर्क लढवून झाले. भाऊजी म्हणाले, काकूंकडे दुसरी किल्ली असणार. नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात तांब्याभर पाणी नव्हतं. काकूंना दिवसाची गफलत झाली म्हणावं, तर हॉस्पिटलात नेण्याआधीही दोन आठवडे आई अंथरुणातून उठली नव्हती. मी हॉस्पिटलात जाऊन सिस्टरला विचारलं, त्या दिवशी दहा वाजता काही झालेलं का? तिने चार्ट पाहिला. "काही नाही. बीपी नॉर्मल होता." झालं. नातेवाईक मात्र खूश, "पुण्यवान बाई" म्हणून सगळीकडे सांगत सुटले. मला उत्तर हवं होतं, त्यांना गोष्ट मिळाली.

उत्तर आजही नाही. आणि भीतीही वाटत नाही, राग येतो. आई, ठाण्याहून दिव्याला गेलीस, ड्रम भरलास, शेजारणीशी बोललीस... आणि मी पाच दिवस तुझ्या दाराबाहेर बसलेलो. जाता-जाता मला एक हाक मारली असतीस तर काय झालं असतं गं?