बुबूचं एक मत

इथे आखातात, नजमा भागातल्या आमच्या खोलीत सहा जण राहतो, सगळे खाडीकाठच्या एकाच गावचे. गावच्या ग्रामपंचायतीचं राजकारण आम्ही इथूनच चालवतो, अशी आमची समजूत आहे. शुक्रवारी नमाजनंतर कफेटेरियातला चहा घेऊन बसायचं आणि घरोघर फोन लावून शिक्का कुणाला मारायचा ते बायकांना सांगायचं. त्या बिचाऱ्या हो म्हणतात. आम्हाला वाटतं, झालं आपलं मतदान.

खरं तर आमची नावं गावच्या यादीत असली तरी इथून मत देता येत नाही. टपालाने नाही, फोनने नाही. स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं.

यंदा माझी थोरली बहीण, बुबू, निवडणुकीला उभी होती. मोहल्ल्याच्या विहिरीचं पाणी दरवर्षी मार्चपासून मचूळ होतं, मग बाया वरच्या वाडीतून कळशा वाहतात. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, नळ आणायचा. मी तिच्यासाठी इतके फोन केले की घसा बसला.

इथल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात मी स्टोअर सांभाळतो. रजा मागितली तेव्हा साहेब लगेच म्हणाला, "यल्ला, निघ, चार दिवसांत परत ये." पण ते चार दिवस मे महिन्यातल्या रजेतून जाणार होते, आणि मेमध्ये माझ्या मुलीचं लग्न होतं. मी विचार केला, एवढे फोन केलेत, माझ्या एका मताने काय अडणार आहे? बुबूला कळवलं, रजा मंजूर झाली नाही. ती म्हणाली, नोकरी सांभाळ, इन्शाल्ला होईल सगळं.

मतमोजणीच्या सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होतो. भाच्याचा फोन आला. बुबूला आणि समोरच्या उमेदवाराला सारखीच मतं पडली होती. फेरमोजणी झाली, तरी सारखीच. मी त्याला विचारलं, पुन्हा मतदान कधी घेतील? मिळेल त्या विमानाने येतो म्हणालो. आणि खरंच आलो असतो, लग्न गेलं खड्ड्यात. पण तसं काही नसतं. बरोबरी झाली की चिठ्ठी काढतात आणि खलास. बस ऑफिसपाशी पोहोचायच्या आत चिठ्ठी निघाली होती. नाव समोरच्याचं होतं.

बुबूला फोन करायला मला दोन दिवस लागले. खरं सांगायचं असं ठरवून केला होता. पण मी तोंड उघडायच्या आत तीच माझी समजूत घालायला लागली.

"तुज्या हातात काय होता? साहेबान सोडलान नाय तुला."

मी हो म्हणालो. त्या 'हो'ची मला अजून लाज वाटते.

मेमध्ये गेलो. सगळी रजा शाबूत होती, पुरे तीस दिवस. लग्नघरात पाहुण्यांची वर्दळ आणि विहीर मचूळ. बुबू साठीच्या पुढची, गुडघे धरलेले, तरी वरच्या वाडीची चढण रोज दोनदा चढत होती. मी कळशी घ्यायला गेलो तर पाव्हण्यांसमोर शोभत नाही म्हणाली आणि पुढे निघाली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने माझ्या हातात एक कागद दिला. माझ्या नावाची मतदार स्लिप, यादीतल्या क्रमांकासकट. मतदानाच्या दिवशी ती माझी वाट बघत संध्याकाळपर्यंत केंद्राबाहेर बसली होती.

"शेवटच्या घडीला सोडतील तुला असा वाटत होता," ती म्हणाली. "जपून ठेव, पुढच्या वेळेला लागंल."

मी स्लिप घडी करून पासपोर्टात ठेवली आणि तिचा निरोप घेतला. खरं तेव्हाही सांगितलं नाही.