कपाळ लागलं!

आमच्या माळावर माती साचत नाही. थोडी वारा नेतो, थोडी पाणी नेतं. साचतात ते किस्से! चार म्हातारी माणसं बोरीखाली टेकली की एकानं एक काढायचा, दुसऱ्यानं त्यावर दुसरा. तंबाखू संपते, किस्से संपत नाहीत.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना हा माळ लागतो. वर वीतभर भुरकी माती, तिच्यात गवत. आणि खाली चुनखडीचा थर. पांढरा, सिमेंट ओतल्यासारखा आवळलेला. त्या थराला आम्ही ‘कपाळ’ म्हणतो. खणताना पहार टण्णकन उडाली की समजायचं, कपाळ लागलं!

खणणारे आम्ही तिघं. भिवातात्या, सुलाबाई आणि मी. एका कॉलेजच्या मॅडम मातीचा अभ्यास करायला यायच्या, त्यांना आम्ही खड्डे काढून द्यायचो. मी शाळेची पायरी चढलो नाही, पण पहार मारायला कुठं अक्षर लागतं?

तात्याचा चार एकर माळ, सगळा गवताचा. एके काळी त्याची दीडशे मेंढरं होती, आता आठ उरलीत. पण जीव सगळा त्या गवतात. आणि त्याचा लेक मारुती बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकल स्टँडवर लावता लावता त्याचं एकच: “तात्या, मशीन आणतो. माळ फोडू, डाळिंब लावू.”

तात्या म्हणायचा, “बघू.”

असं ‘बघू’ सहा वर्षं चाललं.

*

पहिल्या दिवशी मॅडम एक यंत्र घेऊन आल्या. मळसूत्रासारखं, मातीत पिळत घालायचं. वीतभर गेलं आणि थांबलं. मॅडमनी पिळलं, ड्रायव्हरनं पिळलं. यंत्र वाकलं, पण खाली सरकलं नाही.

तात्यानं पहार उचलली, एक घाव घातला, डोळे मिटले. म्हणाला, “सव्वा वीत.”

मॅडमनी खड्डा काढायला लावला, टेप धरली. बरोबर सव्वा वीत! त्यांना वाटलं, तुक्का लागला. दुसरीकडं नेलं. “वीत अन दोन बोटं.” तिथंही बरोबर!

“तात्या, हे कुठं शिकलात?”

“मेंढरांच्या जाळीच्या खुट्या ठोकल्यात की मॅडम, जलमभर. माती जाड असंल तर आवाज दबतो, पातळ असंल तर फुटतो. खुटी बसंल तितंच मुक्काम!”

त्या दिवशी मॅडमनी ते यंत्र गाडीत ठेवलं, ते परत काढलं नाही.

*

एकदा मॅडम खड्ड्यात उतरून गवताची मुळं बघत होत्या. मुळं सरळ खाली आली होती. कपाळाला टेकली आणि वळली. आडवी पसरून चटईसारखी विणली गेली होती. मधे एक केसाएवढी फट होती, तेवढ्यातून मात्र दहा-बारा मुळं खाली उतरलेली.

मॅडम म्हणाल्या, “केवढी हुशारी बघा!”

सुलाबाई वरून डोकावली. “ह्यात काय हुशारी मॅडम? सासरी नवी सून हेच करती. आदी आडवी पसरती, अन फट घावली की खाली उतरती!”

मॅडम खड्ड्यातच बसून हसल्या. मी मात्र बराच वेळ त्या मुळांकडं बघत राहिलो. पन्नास वर्षं ह्याच गवतावर चाललो, पण पायाखाली एवढी खटपट चाललीय हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

*

सुलाबाईचा लिंबाचा किस्सा तर सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे.

मॅडम मातीवर बाटलीतल्या अ‍ॅसिडचा थेंब टाकायच्या. फस्स करून फेस यायचा. “चुना असला की फेस येतो,” असं त्यांनी सांगितलं. सुलाबाईनं डब्यातलं लिंबू पिळून बघितलं. बारीक का होईना, फेस आला! “माती हसली गं बया!” तेव्हापासून तिच्या कमरेच्या पिशवीत पानाच्या शेजारी लिंबू.

पुढं तिच्या लेकीला स्थळ आलं. मुलगा लोणी देवकरला कारखान्यात नोकरीला, घरची शेती. ही शेत बघायला गेली. मुलाचा बाप मोठ्या तोऱ्यात म्हणाला, “काळीभोर जमीन हाय. दोन पुरुष खोल!”

सुलाबाईनं कमरेचं लिंबू काढलं आणि पिळलं. फस्स!

“पाव्हणं,” ती म्हणाली, “माती हसतीया तुमाला. खाली कपाळ हाय! आमच्याकडं हायच की असली. लेकीला परत तसल्याच मातीत कशाला देऊ?” आणि चहा न घेता निघून आली!

दोन दिवसांनी तिनं मॅडमना हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो सुलाबाई, आपल्याकडच्या चांगल्या काळ्या मातीतही चुना असतो! फेस तिथंही येणारच. खाली कपाळ आहे की नाही, ते लिंबू कसं सांगेल?”

सुलाबाई पेढे घेऊन परत त्या दारात. लेकीचं चांगलं स्थळ हातचं जातंय म्हणून तोंड एवढंसं झालेलं. मुलाचा बाप ओसरीवरूनच म्हणाला, “या, बसा. लिंबू घरी ठिवून आलाय न्हवं?”

लग्न झालं. आता ते व्याही जेवायला आले की सुलाबाई ताटात लिंबाची फोड वाढत नाही!

*

लग्नावरून आठवलं, मारुतीचं लग्न ह्याच माळावर लावलं. तात्या मांडववाल्याला आधी बोलला होता, “खांब बसायचं न्हाईत हितं.” तो म्हणाला, “आमचं लोखंडी खुंट हायत, तात्या!”

पहिला खुंट ठोकला, वाकून त्याची आकडी झाली. दुसऱ्याचीही आकडी. मुहूर्त तर जवळ आला. शेवटी आठ पाहुणे आठ खांब हातात धरून उभे राहिले. त्यात वारा सुटलेला. भटजींनी माईकवरून पुकारा केला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!”

मांडवाच्या कोपऱ्यातून, खांब धरलेल्या मामांचाच आवाज आला, “आदी खांब धराया मानूस पाठवा!”

सगळा मांडव हसला. मारुती सोडून. त्याच्या मनात ते बसलंच. त्या दिवसापासून तो म्हणायचा, “ही जमीन न्हाय, फरशी हाय. फोडल्याबिगार ऱ्हायचो न्हाय.”

*

एका साली पाऊस लांबला. खालच्या रानात काळ्या मातीला भेगा पडल्या, कुणाच्या दारात चारा नाही. मधे एक सर आली, अंगणात सडा शिंपल्याएवढी. खालच्या रानाला ती कळलीही नाही. पण आठ दिवसांत तात्याचा माळ हिरवा! गावची शेरडं-करडं तिथंच आली.

मॅडमनी विचारलं, “तात्या, असं का होतं ते तुम्ही सांगा.”

“मॅडम, तांब्याभर पानी रांजणात वतलं तर दिसतंय का? तेच ताटात वता की. आमचा माळ म्हंजी ताट हाय!”

मॅडमनी वही काढून ते लिहून घेतलं. शाळा न शिकलेल्या माणसाचं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, हे मी पहिल्यांदा बघितलं.

*

आणि मग सहा वर्षांचं ‘बघू’ एका सकाळी संपलं. मारुतीनं रजा टाकून पोकलेन आणलं. मशीन गवतावरून घरघरत आलं तेव्हा हा पुढं हात हलवत चालला होता. “या, बिनधास्त या! हितं काय मोडाय हाय?”

तात्या भांडला नाही. बोरीखाली आमच्याकडं पाठ करून बसला. आठ मेंढरं त्याच्या भोवती. सुलाबाईनं पदर तोंडात धरला. 

ऑपरेटर जाणता माणूस. इंजिन बंद करून खाली उतरला. म्हणाला, “आदी पहार मारून बघू, कुठं किती माती हाय. मग दात लावू.” त्यानं घाव घातला. टण्ण!

मागं न वळता तात्या म्हणाला, “वीतभर.”

ऑपरेटरनं उकरून हात लावला. वीतभर. दहा पावलं पुढं गेला. टण्ण!

“दीड वीत.”

दीड वीत! ऑपरेटरला गंमत वाटली. तो लांब लांब जायला लागला, घाव घालायला लागला. बोरीखालून आवाज यायचा, “सव्वा.” “वीतभर.” “जपून, तितं चारच बोटं हाय.” मारुती मागनं घावाचा आवाज ऐकत, खड्ड्यात हात लावत चाललेला. एकदाही चूक नाही. 

पार बांधाजवळ ऑपरेटरनं पहार उचलली. तात्या तोंड उघडणार, तेवढ्यात मारुती ओरडला, “तात्या, थांबा! ह्ये मी सांगतो.”

त्यानं डोळे मिटले. टण्ण!

“वीत... अन तीन बोटं.”

ऑपरेटरनं उकरलं, हात लावला. एक वीत. वर एक बोट, दोन बोटं, तीन.

तात्या वळला. लेकाकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, “व्हय.”

मारुती गुडघ्यावर बसला. उकरलेली माती दोन्ही हातांनी परत लोटली, वर गवताचा ठोंब ठेवला, तळव्यानं दाबला. मग उठून ऑपरेटरला म्हणाला, “चला, मशीन काढा भायेर.”

ऑपरेटर बिचारा परत मशीनवर चढला, इंजिन चालू केलं, मशीन वळवायला घेतलं. तसा मारुती दोन्ही हात वर करून पुढं धावला,

“आवं हळू! हळू घ्या की! गवत मोडतंय!”