हिरवी पट्टी

व्हर्ना काल्माकॉफ कॅम्लूप्स शहरातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायची. वणव्याच्या दिवसांत घर सोडायचं की नाही, हे लोक पत्ता टाकून ज्या वेबसाइटवर बघतात ती आमच्याकडे होती. ती तपासणारा प्रोग्रॅम व्हर्नाने लिहिलेला. तो आपोआप ब्राउझर उघडायचा, पत्ता भरायचा, उत्तर वाचायचा.

त्या ऑगस्टात त्या प्रोग्रॅमची एक चाचणी कधी पास, कधी नापास व्हायला लागली. आमचा साहेब ट्रेंट म्हणाला, पान हळू उघडतंय, प्रोग्रॅमला जरा जास्त थांबायला सांग. तिने सांगितलं, चाचणी पास झाली. तरी तिला चैन पडेना.

"पास झालेल्या चाचणीला कोण भितं गं?" ट्रेंट हसला.

दुपारी धुराने खिडक्या तांबूस झाल्या. व्हर्नाने ते आंधळं थांबणं काढून टाकलं आणि स्वतःची अट लिहिली: भरलेलाच पत्ता पानावर येईपर्यंत आणि माहिती ताजी झाल्याची वेळ उमटेपर्यंत थांब, आणि तोवर पानावर काय दिसतं तेही टिपून ठेव.

खरी माहिती येईपर्यंत पान आपणहून एक हिरवी पट्टी दाखवत होतं. 'तुमच्या भागाला धोका नाही.' एरवी ती पापणी लवायच्या आत पुसली जायची. त्या दिवशी अख्खा प्रांत साइटवर तुटून पडला होता आणि पट्टी जागची हलत नव्हती.

व्हर्नाचे वडील वणव्याकडच्या वरच्या खोऱ्यात एकटेच राहायचे. तिने फोन लावला.

"बाबा, निघा तिथून."

"आत्ताच बघितलं की. हिरवं आहे. तुझीच ना ती साइट? बोर्श्तचं सूप उकळतंय, जेवतो आणि बघतो."

"माझीच आहे म्हणून सांगते. ते खोटं आहे, बाबा."

बोलणं मध्येच तुटलं. मग फोन लागेचना.

तिने वडिलांच्या शेजारणीला, लॉर्नाला, फोनवर गाठून त्यांना घेऊन यायला सांगितलं. ट्रेंटचा चेहरा उतरला होता. त्याने स्वतः बसून पट्टी काढली आणि तिथे 'माहिती येत आहे' असं टाकलं. व्हर्ना फोनकडे बघत राहिली. मी पाणी दिलं, ते तिच्या हातातच राहिलं.

अंधार पडता पडता लॉर्नाची गाडी शहरातल्या शाळेपाशी पोचली; तिथे निवारा उघडला होता आणि आम्ही दोघं वाट बघत होतो. म्हातारा कुत्र्याला कवेत घेऊन उतरला. भुवया होरपळल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजू पेटल्या होत्या, एवढंच तो बोलला.

व्हर्नाने त्याला घट्ट धरलं. मग तिने मला हळूच विचारलं, "आणखी किती जणांनी ते हिरवं बघितलं असेल?"

खोऱ्यातली सगळी माणसं सुखरूप सापडली, हे कळायला दोन दिवस गेले. तोवर तिने अन्नाला हात लावला नाही.