पाणी पाहायला

निरोप मूल गावच्या स्टेशनावर मिळाला. आदल्या संध्याकाळी मी चांद्याच्या दवाखान्यातून घरी आलो होतो, माझ्या बायकोसाठी, यमुनेसाठी, धुतलेली पातळं न्यायला. माय तिच्याजवळ थांबली होती. यमुनेचा ताप ओसरल्यासारखा वाटत होता. निघताना तिनं मला विचारलंसुद्धा, "आज कोन वार हाय?" शुक्रवार म्हणालो. "मंग परवा इतवार," ती म्हणाली आणि डोळे मिटले. सकाळी पिशवी घेऊन अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभा होतो, तेवढ्यात स्टेशनमास्तर टोपी न घालता बाहेर आले. हा माणूस टोपीशिवाय फलाटावर कधी दिसला नव्हता. "मास्तर," ते मला म्हणाले, "चांद्याहून कळवलंय..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गाडी आली तेव्हा त्यांनीच मला डब्यात बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली. त्या पिशवीतलं एक पातळ तिला नेसवलं.

माझी बायको गेली त्याला आता महिना उलटला. भेटायला येणारे चांगलंच बोलतात. "यमुनाबाई फार देवभोळ्या होत्या, साऱ्या जिल्ह्यातली देवळं पालथी घातली बाईंनी," असं शाळेतले सहकारी म्हणतात, शेजारचे म्हणतात. मी मान हलवतो. पण ते खरं नाही, आणि ती गेल्यावर तिच्याविषयी खोटं कशाला राहू द्यायचं? यमुना देवाला जात नव्हती. ती पाणी पाहायला जायची.

हे कोणाला सहज कळणार नाही, म्हणून आमच्या घराविषयी सांगतो. आम्ही सिंदेवाहीकडचे धिवर. तलावात जाळं टाकायचं, मासोळी धरायची, बाईमाणसानं टोपली डोक्यावर घेऊन ती विकायची. माझा बाप सकाळपासून छातीभर पाण्यात असायचा. त्या घरातून मी नागपूरला जाऊन बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिला, आणि मूलच्या हायस्कुलात मास्तर झालो. हे मी अभिमानानं सांगतो, आणि का सांगू नये? पण आमच्याकडं पाणी म्हणजे काम. तलावाच्या पाळीवर कोणी नुसतं उभं राहिलं तर लोक विचारतात, काय हरपलं? त्यामुळं मूलला बिऱ्हाड केल्यावर पहिल्याच पावसाळ्यात यमुना म्हणाली, "सोमनाथाले धबधबा हाय म्हनते, पाहून येऊ," तेव्हा मला हसू आलं.

"पाण्यात काय पाहायचं? आपण पाण्यातलेच."

"जलमभर पान्यात पाहून मासोळीच शोधली," ती म्हणाली. "एकदा नुसतं पानी पाहू द्या ना."

गेलो. मारोड्याच्या पुढं जंगलातून पायवाट, मग महादेवाचं देऊळ, आणि मागं खडकावरून कोसळणारं पाणी. तिनं देवाला घाईघाईनं हात जोडले, जसं ओळखीच्या माणसाला रस्त्यात नमस्कार करतो तसे, आणि थेट पाण्याकडं गेली. तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी बांधून आणली होती, ती खायचीसुद्धा तिला शुद्ध नव्हती. संध्याकाळी परतताना म्हणाली, "अजी, जिल्ह्यात असं अजून कुठी कुठी हाय?" मी भूगोल शिकवायचो. सांगत गेलो... घोडाझरीचा तलाव, असोल्याचा बांध, मार्कंड्याची वैनगंगा. घर येईपर्यंत ती ऐकत होती.

पण बाईमाणसानं दर इतवारी नवऱ्यासोबत हिंडायचं हे आमच्या लोकांत बसणारं नव्हतं. यातून वाट निघाली ती दुःखाच्या बाजूनं. आम्हाला मूल नव्हतं. मूल झालं नाही की दुसरी करायची, असा आमच्यात सरळ व्यवहार. माझ्या काकानं केली होती, आणि पहिली काकू त्याच घरात लेकरं सांभाळत म्हातारी झाली. मायनं हे बोलायला सुरुवात केली होती. त्याआधी देवांना विचारून पाहा, असं तिचंच म्हणणं. यमुनेनं ते उचललं. कोणी विचारलं की म्हणायची, "देवाले जाऊन राह्यलो." मला मात्र गाडीत हळूच सांगायची, "देवाचं नाव घेतल्याबिगर बाईले गाव सोडू देते का कोनी?" आमच्या या फेऱ्या छोट्या गाडीच्या गार्डालाही ठाऊक झाल्या होत्या. तो शिटी तोंडात धरायच्या आधी ओरडायचा, "मास्तर, आज कोन्या देवाले?" उत्तर ती द्यायची. "ज्याच्यापाशी पानी असन त्या देवाले, भाऊ!"

हसायची खूप. पण घरी आल्यावर दार लावताना तिचा चेहरा उतरलेला असायचा, हे मी पाहत होतो. काकू तिनंही पाहिली होती.

मार्कंड्याला गेलो तेव्हा मी तिला देवळाच्या भिंतीवरची शिल्पं समजावून सांगत होतो. वळून पाहतो तर ती नाही. ती खाली घाटावर पाण्यात पाय सोडून बसली होती. नदी तिथं उलटी, उत्तरेकडं वाहते, हे मी तिला सांगितलेलं होतं. म्हणाली, "बाई एवढी मोठी, तिले बी एका जाग्यावर मागं फिरावंसं वाटलं." मी मास्तर माणूस, मला पात्राचा उतार आणि खडक आठवत होते. मी तिच्या शेजारी बसून पाय सोडले.

मायनं सोमनाथाला नवस बोलला होता. आमच्या भागात मूल झालं की देवाच्या ठिकाणी जायचं, गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजायचे, गोतावळा जेवू घालायचा आणि देवळाजवळच्या झाडाला लहानसा लाकडी पाळणा बांधायचा, असा रिवाज. मूल झाल्यावर. मायनं वाट पाहून पाहून उलटंच केलं. आधीच नवस फेडला. मी समजावलं, पण तिचा हिशेब पक्का. "देव बी मानसासारखाच असन. खाऊन बसल्यावर लाजन का नाई?" तिनं बंड्या जुंपल्या, सिंदेवाहीकडचे सारे नातेवाईक आणले, पाळणाही बांधला. रोडगे निखाऱ्यातून काढून झाले, पंगत बसली आणि एक म्हातारी मावशी, तिला काही माहीत नव्हतं, मोठ्यानं म्हणाली, "अवं यमुने, लेकरू कुठी हाय? पाळन्याले हात लावाले आनलं नाई काय?"

पंगतीतले हात थांबले. मायनं मान खाली घातली. यमुना वांग्याची भाजी वाढत होती. तिच्या हातातला डाव थांबला नाही.

"येऊन राह्यलं ना मावशी," ती म्हणाली, "वाट लांबची हाय. तवरोक तुमी जेवा. अन् त्याच्या वाट्याचे रोडगे नका संपवू, मले ठाऊक हाय तुमचं पोट!"

सारे हसले. मावशी सगळ्यांत जास्त हसली. पंगत उठेपर्यंत यमुना वाढत राहिली, आणि मग नेसत्या पातळानिशी धबधब्याखाली जाऊन उभी राहिली. थंडीचे दिवस. बायांनी हाका मारल्या, ती आली नाही. किती वेळ उभी होती ठाऊक नाही... बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. "आता भूक लागली," एवढंच म्हणाली. मायनं तिला खाली बसवलं आणि आपल्या पदरानं तिचे केस पुसले.

तरीही वर्षाच्या आत मायनं आपल्या भावाला, माझ्या किसनमामाला, राजोलीची मुलगी पाहायला धाडलं. मी मायला दोष देत नाही. तिला नातू हवा होता आणि यमुनाही हवी होती, यात तिला काही विसंगत दिसत नव्हतं. मामा घरी येऊन बसला. मी म्हणालो, दुसरी बायको करणं आता कायद्यानं गुन्हा आहे. मामा म्हणाला, "कायदा दिल्लीत झाला. राजोलीले पोचाले टाइम हाय." आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

त्या इतवारी आम्ही असोल्याला गेलो. सावली गावापर्यंत मोटार, पुढं बैलबंडी. बांधाच्या सांडव्यावरून पाणी पडत होतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडं न वळता म्हणाली, "अजी, राजोलीची पोरगी पाहाले जाता का?"

"नाही."

"कायद्यानं नाई, का मनानं नाई?"

मी काही तरी बोललो, पण सांडव्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानामागं हात नेला. मग मी ओरडून सांगितलं, "मनानं!" पलीकडं म्हशी धुणारा माणूस दचकून बघू लागला. यमुना त्याच्याकडं पाहून हसली, पदर खोचला आणि म्हणाली, "मंग पुढच्या इतवारी घोडाझरी."

त्यानंतर तिनं देवाचं नाव घेणं सोडून दिलं. कोणी विचारलं तर म्हणायची, फिराले जातो. लोकांनी ऐकलंच नाही, ते देवाचंच धरून बसले. पण दार लावताना पडणारा तिचा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही दोघं होतो आणि दोघं पुरेसे होतो, असं मी समजत होतो. ते खरं होतं. फक्त दोघांतला एक गेला की किती उरतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

ती गेल्यावर माय मूललाच राहिली. शेवटच्या रात्री दवाखान्यात काय झालं, यमुना काही बोलली का, हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. स्वयंपाक करते, मला वाढते, भिंतीकडं तोंड करून निजते. इतवार आला की मी पेपर तपासायच्या निमित्तानं शाळेत जाऊन बसायचो. रिकाम्या वर्गात छोट्या गाडीची शिटी फार मोठी ऐकू येते. दुपार सरता सरत नाही. घरी यावं तर घरात दोन माणसं, आणि दोघंही तिसऱ्याची चाहूल घेत बसलेली.

मागच्या इतवारी मी पेपरांचा गठ्ठा उचलला तर माय दारात उभी. हातात भाकरीचं गाठोडं.

"मले ने," ती म्हणाली.

"कुठं?"

"यमुना जाये तिथी."

असोल्याला नेलं. सांडवा अजून वाहत होता. माय काठाशी उभी राहिली, आणि तिची नजर सवयीनं पाण्यात शिरली, वळणावर, फेसाखाली. "इथी जाळं लावलं त..." म्हणाली आणि थांबली.

"ते काय पाहे इथी?"

"पाणी."

"नुसतं?"

"नुसतं."

ती दगडावर बसली. पाय पाण्यात सोडले, लुगडं भिजत गेलं तरी वर घेतलं नाही. मी भाकरी सोडल्या, तिनं हात लावला नाही. पाण्यावरून नजर न काढता म्हणाली, "मले वाटे, देवाजोळ मांगत असन. काईच नोयती मांगत?"

"नाही, माय."

"मंग मी एकटीच मांगत होती," ती म्हणाली. "इतके साल."

आम्ही उन्हं उतरेपर्यंत बसलो.

घरी आलो तर किसनमामा ओट्यावर. चिडलेला. "दुपारपासून कुलपाचं तोंड पाहून राह्यलो, बाई! कुठी गेलते तुमी?"

"असोल्याले. पानी पाहाले."

"पानी?" मामा मांडीवर थाप मारून हसला. "धिवराची बाई, जलम पान्यात गेला, अन् पैशे देऊन पानी पाहाले गेली! बरं, ऐक. राजोलीवाल्याची धाकटी हाय अजून. आता त कायदा बी आड येत नाई. पुढच्या इतवारी तिच्या बापाले घेऊन येतो."

मायनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो पिऊन होईपर्यंत थांबली.

"इतवारी नको येऊ, किसन. इतवारी आमी घरी नसतो."

मामानं माझ्याकडं पाहिलं, मी मायकडं. ती आत निघून गेली.

मामाला संध्याकाळच्या गाडीवर बसवून परत आलो तेव्हा अंधारून येत होतं. आमच्या गल्लीच्या वळणावरून परसातली दोरी दिसते. मूलला आल्यावर यमुना लुगडं सोडून पाचवारी पातळ नेसू लागली होती, आणि इतवारच्या संध्याकाळी त्या दोरीवर तिचं ओलं पातळ असायचंच. कधी झऱ्याचं, कधी नदीचं, कधी सांडव्याचं पाणी गळत असायचं. त्या दिवशी वळलो आणि दोरीवर ओलं कापड दिसलं. पाय आपसूक भरभर पडू लागले... उशीर झाला, ती भाकरी टाकून बसली असेल, असं काहीसं मनात येऊनही गेलं. फाटकाशी पोचल्यावर रुंद काठ दिसले. नऊवारी होतं. मायचं.

आत चूल पेटल्याचा वास येत होता. मी फाटकाची कडी हातात धरून उभा राहिलो. लुगड्याच्या टोकातून पाणी थेंबथेंब मातीत पडत होतं, आणि मी ते पाहत होतो. नुसतं.