जीपच्या कानात सांगितलेली नावे

गॅरेजात हकिकती कोणी मुद्दाम साठवत नाही. काढलेले नट-बोल्ट डब्यात पडून राहतात, तशा त्या मनात पडून राहतात. एक शोधायला हात घालावा, तर पाच हाताला लागतात. सत्तरच्या दशकात मी नाशिकला पेठ रोडवरील अण्णांच्या गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगची कामे करीत असे. माझ्या डब्यातील बहुतेक हकिकती एकाच गाडीच्या आहेत: डॉक्टर सबनीसांच्या जीपच्या.

डॉक्टर पेठ गावाच्या पुढे एका पाड्यावर दवाखाना चालवीत. हिवाळ्यात सकाळी ती जीप तेथे पुष्कळदा सुरू होत नसे. सेल्फ मारला की 'कट्' एवढाच आवाज. अण्णांनी बॅटरी बदलली, प्लग साफ केले, पातळ ऑइल भरले. नाशिकला मात्र ती पहिल्या झटक्यात उठे.

"दवाखान्याच्या दारात आल्यावर पोटदुखी थांबते ना, तशी ही," डॉक्टर म्हणाले.

त्यांचा ड्रायव्हर सोमा पेठकडचाच. तो हसला नाही.

"तिकडं तिला ठावं असतं, डाक्टर," तो म्हणाला. "कुणाकडं जायचंय ते."

*

सोमाच्या घरी एक रीत होती. गाडी जुंपण्याआधी कोणाकडे जायचे ते बैलाच्या कानात सांगत. सोमाने ती रीत जीपला लावली. बॉनेटवर हात ठेवून तो रोग्याचे नाव सांगे आणि मगच सेल्फ मारी.

एका कडाक्याच्या सकाळी त्याने सांगितले, "भिवाबाबा, वरला पाडा." कट्. हँडल मारून मारून डॉक्टरांचे आणि त्याचे खांदे भरून आले. इंजिनाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तरी नाही. ऊन पडल्यावर एक माणूस टेकडी उतरून आला.

"येऊ नका," तो म्हणाला. "बाबा पहाटंच गेला."

सोमाने पुन्हा सेल्फ मारला. जीप सुरू झाली.

*

त्याच हिवाळ्यात एका म्हातारीच्या बाबतीत हेच घडले. पुढे एका तरण्याताठ्या गुराख्याच्या बाबतीतही.

"जीपला काय कळतंय?" अण्णा म्हणाले. "तिला पेट्रोल कळतं."

मी सोमाला शास्त्रशुद्ध समजावून दिले. थंडी जीपला अडवते आणि तीच थंडी अशक्त रोग्याला नेते. दोन्हींचे कारण एक, म्हणून दोन्ही एकाच सकाळी घडतात.

त्याने मान खाली घालून सर्व ऐकून घेतले. "बराबर हाय, मिस्तरी," तो म्हणाला. "मग जगणाऱ्याच्या येळंला थंडी कुठं जाते?"



*

पुढच्या हिवाळ्यात सोमाची मुलगी यमुना बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिल्या खेपेला डॉक्टर वेळेवर पोचू शकले नव्हते. मूल दगावले होते आणि यमुना थोडक्यात वाचली होती.

सोमा जीप घेऊन गॅरेजात आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तिचं नाव मी हिला सांगणार नाय," तो म्हणाला. "पण तुम्ही हिला उठवून द्या, मिस्तरी. पोरीला दुसऱ्यांदा सोसायचं नाय."

अण्णांनी हात पुसले आणि ते माझ्याकडे वळले. "दुखणं तिकडं होतंय आणि तपासतोय आपण इकडं. अहिरे, तुम्हीच तिकडं मुक्कामाला जा."

*

पाड्यावर मुक्काम करून उजाडताना मी जीपमध्ये बसलो. सेल्फ मारला. कट्. हेडलाइट लख्ख होते. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. पुन्हा सेल्फ मारून मी चोक ओढण्यासाठी मूठ धरली, आणि हात मागे घेतला.

मूठ गरम होती. स्टिअरिंग, पत्रा, काच, सारे बर्फासारखे. आणि तेवढी एक मूठ उबदार, जणू कोणी नुकताच तिच्यावरून हात काढला होता.

सोमाला हात लावायला सांगितले. त्याने लावला आणि तो जीपपासून लांब जाऊन उभा राहिला.

क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला, हे मी नाकारीत नाही. परंतु मी इंग्रजी पुस्तक आणि शेजारी शब्दकोश ठेवून ही विद्या मिळवली आहे. कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. गाडीखाली शिरून पाहिले, तर इंजिन आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. थंडीने ऑइल घट्ट झाले की सेल्फला जास्त करंट लागतो. त्याला पट्टीतून परतीची वाट मिळत नसे, म्हणून तो इंजिनापासून मुठीपर्यंत आलेल्या चोकच्या बारीक तारेतून जाई आणि ती तार तापे.

पट्टी घासून, आवळून मी सेल्फ मारला. जीप तत्काळ सुरू झाली.

"आता कोणाचंही नाव सांग," मी म्हणालो.

सोमाने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

*

दुसऱ्याच दिवशी झुंजूमुंजू होताना निरोप आला: यमुनेला कळा लागल्या आहेत, मूल आडवे आहे. सोमाने ओठ घट्ट मिटून सेल्फ मारला. जीप उठली. डॉक्टर आणि मी मागोमाग चढलो.

डॉक्टर आत गेले आणि सोमाच्या घराच्या अंगणात आम्ही दोघे बराच वेळ थांबलो. सोमा दाराकडे पाठ करून बसला होता. ऊन अंगणभर पसरले तेव्हा आतून मुलाचे रडणे ऐकू आले आणि पाठोपाठ यमुनेचा आवाज: "आये, पेज दे ना."

सोमाने डोके गुडघ्यांत घातले.

डॉक्टर बाहेर आले. कपाळावरचा घाम टॉवेलने टिपत ते हसले. "नात झाली रे, सोमा. ऊठ. आता माझी पाळी."

असे म्हणून त्यांनी उन्हाने तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. "डॉक्टर सबनीस, नाशिक. घरी पोचव बाई मला."

सोमा त्यांचा हात धरायला धावला, पण डॉक्टर ड्रायव्हरच्या जागेवर बसलेही होते. त्यांनी सेल्फ मारला.

'कट्' असा आवाजसुद्धा आला नाही.

मी बॉनेट उघडले. पट्टी घट्ट होती, बॅटरी भरलेली होती, इंजिन अजून गरम होते. मी सर्व वायरी पुन्हा तपासल्या.

"काय झालंय हो, अहिरे?" डॉक्टर हसत विचारत होते.

सोमा जीपकडे पाहत नव्हता. तो डॉक्टरांकडे पाहत होता.

डॉक्टरांचे हसू हळूहळू मावळले. ते खाली उतरले, सोमाच्या ओट्यावर बसले, आणि स्वतःच्या मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहू लागले.